एकाच खोडावरची तोंडं

मी साताऱ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. जीव दिसला की त्याचं कुळ ठरवल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणूनच लग्न राहिलं असं सहकारी चिडवायचे. सुभेदार सयाजींच्या घराची पुढची खोली माझ्याकडे भाड्यानं होती. जेवणही त्यांच्याकडेच, दुपारचा डबासुद्धा.

पंच्याण्णवच्या मार्चमध्ये सुभेदार अंटार्क्टिकाच्या मोहिमेवरून परतले. येताना बर्फातले फोटो आणि जहाजाच्या नांगराला अडकलेला एक वाळका झुबका घेऊन आले. त्यांच्या पत्नीला, अंजनावहिनींना, ती वाळ्याची मुळी वाटली. उन्हाळा लागलेला, त्यांनी ती धुतली आणि सरळ पिण्याच्या माठात सोडली. आम्ही सगळे तेच पाणी पीत होतो. चवीला फार गोड लागायचं.

मे महिन्यात वहिनी खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. सुभेदारांनी जेवण सोडलंय, पोट भरलंय म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. सुभेदारांची तब्येत मात्र तुकतुकीत होती. वाळत चालल्या होत्या त्या वहिनीच. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या.

"आवं सर, मी तिघांचं जेवती अन् उपाशीच उठती," त्या म्हणाल्या. "कुठं जातंय कळंना."

डॉक्टरांनी वहिनींना तपासलं, त्यात काही निघालं नव्हतं. सुभेदार माझा हात धरून रडले. पाण्याचा दोष असेल म्हणून मी माठात हात घातला आणि झुबका वर आला. ती मुळी नव्हती. तो प्राणी होता.

कॉलेजात नेऊन मी तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तो एकटा जीव नव्हताच, वसाहत होती. एक खोड, त्याला फांद्या, फांद्यांवर काचेसारखे पेले आणि पेल्यापेल्यात एकेक जीव. काहींना तोंड होतं आणि तोंडाभोवती बारीक बाहू. त्यांचं काम फक्त खाणं. काहींना तोंडच नव्हतं. ते फक्त पुढची पिढी घडवणार. पोट सगळ्यांचं एकच, खोडातून आरपार गेलेलं. एकानं गिळलं की सगळ्यांना पोचतं.

इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे होतं. पण वाळून कोळ झालेल्या, गोड्या पाण्यात पडलेल्या समुद्री जीवाचे बाहू हलायला नको होते. ते हलत होते.

कुळ ठरवायला पेल्याला झाकण आहे की नाही ते आधी बघतात. सकाळी झाकण होतं. दुपारी नव्हतं. मी गोंधळून गेलो. चष्मा पुसला, भिंग बदललं, पुन्हा पाहिलं. एका जिवाच्या पोटात पांढुरके कण होते. आयोडीनचा थेंब सोडला तर निळे झाले. ते धान्याचं पीठ होतं.

समोरच माझा डबा पडला होता. तो मी कितीतरी दिवस उघडलाच नव्हता.

त्याच संध्याकाळी मी झुबका जाळला, माठ फोडला आणि वहिनींना तासगावजवळ माहेरी पाठवलं. आमच्यापासून लांब गेल्या की सुधारतील असं मला वाटलं. का वाटलं, ते सांगता येत नाही.

आठवडाभरानं सुभेदार आणि मी एसटीडी बूथवर गेलो. त्यांचा धीर होईना, म्हणून फोन मीच लावला. वहिनींच्या भावानं, बाळासोनं, उचलला.

"ताई लय खराब झालीया, सर. दिसभर खाती, अंगाला लागंना. आत्ताबी ताटावरच हाय."

माझ्या जिभेवर मिरचीचा झणका उतरला.

"ताटात ठेचा आहे का?"

"व्हय. तुमास्नी कसं कळलं?"

मला भीती वाटली. मिरजेला मोठ्या दवाखान्यात न्या, आजच न्या, उशीर करू नका. वाक्य जिभेवर तयार होतं.

"त्यांना अजून एक भाकरी वाढा," मी म्हणालो.

बाळासोनं आत हाक मारली. शेजारी सुभेदार ओठ घट्ट मिटून वाट पाहत उभे होते.