सुई खालीच होती

गाडीच्या बुडातून धूर येतोय, जळकट वास नाकात बसलाय, आणि तापमान दाखवणारी सुई मात्र म्हणतेय, सगळं थंडगार आहे! असं होईल का कधी?

झालं. आमच्या सुंद्रीत झालं, आणि माझ्यामुळे झालं. या गोष्टीत मी काही फार शहाण्यासारखी वागलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. सात वर्षं उलटली तरी आठवलं की माझे कान तापतात.

तेव्हा मी बारा वर्षांची होते. माझे बाबा नळकाम करतात. शेजारी आप्पाआजोबा राहतात. ते माझे सख्खे आजोबा नव्हेत, निवृत्त शास्त्रज्ञ आहेत. उष्णता हा त्यांचा जन्मभराचा विषय. शाळा सुटली की मी त्यांच्याच अंगणात पडीक असायचे, कारण तिथे सुंद्री होती आणि टिल्लू होता.

सुंद्री म्हणजे आप्पांची जुनी पेट्रोल गाडी. तिचे गिअर आपोआप बदलतात. आमच्या गल्लीत बाकी सगळ्या गाड्या विजेवरच्या, त्यात ही एकटीच धुरकट म्हातारी. आणि टिल्लू म्हणजे यंत्रमानव केंद्राने आप्पांना दिलेला गुडघ्याएवढा मदतनीस. बोलायला इतका अदबशीर की मलासुद्धा ‘आपण’ म्हणायचा. आप्पांबरोबर त्याने तीन वर्षांत तीनशे ताऱ्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. मी चिंचा कुठे लपवते तेही त्याला ठाऊक होतं, पण कुणाला सांगायचा नाही.

त्या नोव्हेंबरात एका शनिवारी बुधाचं अधिक्रमण होतं (अधिक्रमण म्हणजे एखादा ग्रह सूर्याच्या बिंबावरून सरकत जाणं). दुपारी बारानंतर सुरू होऊन साडेचारपर्यंत बुध एखाद्या तिळासारखा सूर्यावरून जाणार होता. घाटावरच्या गारमाळ शाळेतली सदतीस मुलं ते आप्पांच्या मोठ्या दुर्बिणीतून बघणार होती. दुर्बिणीला सूर्यासाठीची खास काच बसवली होती. दुर्बीण ठेवायची गाड्यावर, गाडा जोडायचा सुंद्रीला, आणि चढायचा घाट.

“चढावर एवढं ओझं ओढताना हिची गिअरपेटी तापणार,” आप्पा म्हणाले. “आपण तिला तापमापक लावू. सुई लाल पट्ट्याकडे गेली की थांबायचं, गार होऊ द्यायचं, मग पुढे.”

गुरुवारी आम्ही कामाला लागलो. आप्पांनी गिअरपेटीच्या तळाचं बूच सोडवून तेल काढलं. बुचाच्या त्या आट्यांच्या भोकात संवेदक बसवायचा होता (संवेदक म्हणजे तापमान टिपणारा भाग, इथे बोटाच्या पेराएवढा पितळी तुकडा). त्याची तार गरम नळ्यांपासून लांबून, रबरी भोकातून आत आणायची आणि समोरच्या मापकाला जोडायची. आप्पांचे गुडघे कुरकुरत होते, म्हणून गाडीखाली मी आणि टिल्लू शिरलो.

आता मी पडले नळवाल्याची मुलगी. आटे दिसले की त्यावर पांढरी टेप गुंडाळायची, हे मला अ आ इ ई च्या आधी येत होतं. नाहीतर गळतं ना!

“संवेदकाला टेप लावू नये,” टिल्लू म्हणाला. “सूचनापत्रात तसे लिहिले आहे.”

“गप रे! तुला काय कळतंय त्यातलं?” मी म्हटलं, आणि चांगले बारा वेढे गुंडाळले.

थेंबसुद्धा गळला नाही. काय माझा तोरा होता! तेल भरून आप्पांनी गाडी गल्लीत एक चक्कर फिरवून आणली.

“सुई जराही हललेली नाही,” टिल्लू हळूच म्हणाला.

“गाडी गार आहे म्हणून!” मी त्याला उडवून लावलं. आप्पांना मी यातलं काहीच सांगितलं नाही.

शनिवारी निघालो. आप्पा गाडी चालवत होते आणि सुईवर नजर ठेवायचं काम माझं होतं. दर वळणाला ते विचारायचे, “दुर्वा, सुई कुठंय?”

“अगदी तळाला, आप्पा! बर्फ आहे बर्फ!”

निम्मा घाट चढलो आणि इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. चाकं काही पुढे जाईनात. मग वास आला. मग धूर. आप्पांनी गाडी कडेला घेतली, तेल तपासायची पट्टी ओढून पाहिली. लालसर तेल काळं झालं होतं. ते वाकून गाडीखाली बघू लागले. संवेदकाभोवती टेपेची पांढरी झालर दिसत होती.

“ही टेप कुणी लावली?”

आप्पांचा आवाज चढला नव्हता. साधंच विचारलं त्यांनी. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “टिल्लूने.”

टिल्लूने माझ्याकडे पाहिलं. बोलला काहीच नाही. मुलांविषयीची कोणतीही नोंद त्या मुलाच्या परवानगीशिवाय उघड करायची नाही, असा यंत्रमानवांना नियम आहे. तो मला माहीत होता. माहीत होता म्हणूनच मी बोलले. सांगताना आजही लाज वाटते.

आप्पांनी केंद्राला फोन लावला. यंत्रमानवाच्या चुकीने गाडी बिघडली तर कळवावंच लागतं. मग केंद्राची माणसं येऊन त्याची स्मृती कोरी करतात आणि केंद्रात नेऊन पहिल्यापासून शिकवतात. फोन ठेवून आप्पा दरीकडे वळले. मग स्वतःशीच म्हणाले, “तीन वर्षं.”

खरं सांगायची हीच वेळ होती. पण जीभ काही उचलेना.

“बस इथे,” आप्पा म्हणाले. “गिअरपेटी का तापली ते तरी समजून घे. आत दोन पंखे आहेत समोरासमोर, आणि मध्ये तेल. इंजिन एक पंखा फिरवतं, तो दुसऱ्यावर तेल फेकतो, म्हणून दुसरा फिरतो आणि गाडी चालते. ओझं जास्त असलं की दुसरा मागे पडतो, आणि तेल नुसतंच घुसळलं जातं. मिक्सरमध्ये चटणी फार वेळ फिरवली की भांडं कसं लागतं?”

“कोमट.”

“इथे तेच, कितीतरी पट. आता मला सांग, संवेदकाला तारा किती?”

“एकच.”

“आणि वीज वाहायला?”

“जायला एक, यायला एक.” मी थांबले. “मग दुसरी कुठंय?”

“तेच तर! दुसरी तार म्हणजे सुंद्रीचं लोखंडी अंग. वीज तारेतून संवेदकात येते, त्याच्या पितळी आट्यांतून गिअरपेटीच्या धातूत उतरते आणि तिथून बॅटरीकडे परत जाते. संवेदकात एक मणी आहे. तो गार असला की विजेला खूप रोध करतो (रोध म्हणजे अडवणूक), तापला की कमी. वीज थोडी आली, तर मापक समजतो की तेल गार. भरपूर आली, तर समजतो गरम. आणि टेप विजेला काय करते?”

“अडवते,” मी पुटपुटले. “म्हणजे वीज परत जातच नव्हती. आणि मापकाला वाटलं, गार आहे.”

“बघूया खरं का ते. टिल्लू!”

टिल्लू तारेचा तुकडा घेऊन गाडीखाली सरपटत गेला. गरम पेटीजवळ आमचा हात नसता टिकला. त्याने तारेचं एक टोक संवेदकाच्या पितळेला लावलं, दुसरं गिअरपेटीला. माझ्यासमोर सुई ताडकन उठली आणि लाल पट्ट्यात जाऊन थरथरत राहिली. टिल्लूने तार काढली. सुई पुन्हा तळाला.

तेल तेवढंच तापलेलं होतं. बदललं होतं फक्त सुईपर्यंत काय पोहोचतं ते. आप्पांपर्यंतही मी दोन दिवस खरं पोहोचू देत नव्हते की! मला त्या सुईकडे बघवेना.

तेवढ्यात केंद्राच्या शिरोळेबाई विजेवरचा टेम्पो घेऊन आल्या. त्यांनी टिल्लूच्या पाठीवरचं झाकण उघडलं आणि विचारलं, “मुलीनेच पाहिलंय ना याला चूक करताना? नक्की?”

“आमची दुर्वा खोटं बोलत नाही,” आप्पा म्हणाले.

त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर सुटेन, असं वाटलं.

“बोलते!” मी ओरडलेच. “मी बोलले खोटं! टेप मी लावली. तो नको म्हणत होता. सुई हलत नाही, हेही त्याने सांगितलं होतं. त्याला पुसू नका, बाई!” आणि भोकाड पसरलं.

बाईंनी झाकण बंद केलं. आप्पांनी आपला रुमाल माझ्या हातात दिला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

“टिल्लूला न्यायला आणलेला टेम्पो दुर्बिणीला चालेल की,” शेवटी बाई म्हणाल्या. “गाडा जोडा. आणि पोरी, उशीर का झाला ते वरच्या मुलांना तू सांगायचंस.”

सुंद्रीला तिथेच सोडून आम्ही गारमाळला पोहोचलो तेव्हा सव्वातीन वाजले होते. अठ्ठावीस मुलं थांबली होती. लांबच्या वस्तीवरची नऊ लहान मुलं वाट बघून घरी गेली होती. मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि सांगितलं, टेपेपासून खोटेपणापर्यंत सगळं. मग रांग लागली. प्रत्येक जण दुर्बिणीला डोळा लावून “दिसला, दिसला!” म्हणून ओरडत होता. मी मात्र त्या नऊ जणांची नावं गुरुजींना विचारून टिल्लूकडे नोंदवत होते.

परतताना टिल्लू म्हणाला, “आपण मूल असल्याने आपल्याविषयीची एक नोंद पुसून घेण्याचा आपल्याला हक्क आहे. आजची पुसू?”

केवढा मोह झाला मला! पण मी म्हटलं, “नको. राहू दे.”

त्यानंतर दर वाढदिवसाला तो विचारत आलाय, आणि मी दर वेळी नको म्हणत आलेय. परवा बुध पुन्हा सूर्यावरून जाणार आहे. आप्पा आता मागच्या सीटवर बसतात, सुंद्री मी चालवते. नवा संवेदक मीच बसवलाय, टेपेशिवाय. काल गल्लीत चक्कर मारली तेव्हा सुई हळूहळू वर चढत गेली, आणि टिल्लूने मला तसं दोनदा सांगितलं.

यंदा रांगेत पहिला मान कुणाचा, तेही ठरलंय. न पुसलेल्या त्याच नोंदीत ती नऊ नावं आहेत. ती मुलं आता मोठी झालीत, म्हणून मी एकेकाला फोन करून बोलावलंय.