बसूची बदली

ही गोष्ट खरी आहे. सोमशेखरनं ती मला सांगितली तेव्हा तो प्यायलेला नव्हता, आणि खोटं तो फक्त बिलात लिहितो.

आधी त्याचा फायदा मांडतो. पाचच्या भोंग्याआधी मशीन आणि कंट्रोल रूम जोडली गेली, तर गिरणीचं कायमचं काम त्याचं. नाहीतर दुसऱ्या ठेकेदाराचं.

सोलापूरची एक सूतगिरणी. नाव सांगत नाही. मे महिन्याची भर दुपार. देखभालीसाठी सगळं बंद.

नकाशात मशीनचे सिग्नल नेणाऱ्या कोअ‍ॅक्स केबलची वाट छताखालून होती, मोटारींच्या वीजतारांपासून लांब. काम चार दिवसांचं. ते चार दिवस सोमशेखरनं दुसऱ्याच कामावर घालवले होते.

जमिनीखालून एक जुना नाला सरळ कंट्रोल रूमपर्यंत जात होता...

तोंड मात्र विटांनी बुजवलेलं.

"मालक, हितं नको," त्याचा कामगार हाशम म्हणाला. "इथला जुना गडी बसू आत गेलता. दोरीला दोन हिसके म्हणजे केबल सोडा, तीन म्हणजे बदली गडी पाठवा. त्यानं तीन दिले. बदली कुणी गेलंच न्हाय. वर भिंत बांधली."

"तुला लई माहिती रे! फोड."

विटा पडल्या. आत बसूची दोरी तशीच पडलेली.

सोमशेखरनं ती उचलली, आणि आतून...

दोन हिसके.

हाशम मागं सरला. सोमशेखर हसला. "फुकटचा गडी मिळाला की!"

त्यानं दोरीला केबल बांधली.

केबल सरसर आत गेली. पलीकडे कंट्रोल रूममध्ये तिचं टोक बाहेर आलं. पुसलेलं. गुंडाळी करून ठेवलेलं.

त्यानं दोन्ही टोकांना टर्मिनेटर, म्हणजे सिग्नल अडवणारी टोपणं, बसवली. कंट्रोल रूमच्या पडद्यावर सगळी मशीनं दिसली.

मग केबल ताणली गेली...

एक. दोन. तीन.

पडदा काळा.

पाचला थोडाच वेळ उरला होता.

"हाशम, केबल कुठं अडकली बघून ये."

"तुमी जाता का?"

"काम गेलं तर तुझ्या पोरांना खायला काय मी घालू?"

हाशमनं चपला काढल्या. आत शिरला.

पडदा उजळला.

कंट्रोल रूमकडच्या तोंडातून माणूस बाहेर आला...

"हाशम!"

त्यानं मान वळवली. हाशम नव्हता. केसांत चुना. अंगात गिरणीची जुनी खाकी वर्दी. सोमशेखरकडं त्यानं असं पाहिलं, जसं सुटलेला गडी बदली पाठवणाऱ्याकडं बघतो. मग भोंगा झाला, आणि तो फाटकातून निघून गेला.

सोमशेखरनं नाल्यात बॅटरी मारली. कुणी नव्हतं.

केबल हलली. दोन हिसके. कामाला लागल्यासारखे.

सोमशेखरनं अंधार पडायच्या आत भिंत बांधली. स्वतःच्या हातानं. मजुरी वाचली.

हाशमच्या बायकोला, जुलेखाला सांगितलं, तुझा नवरा काम सोडून पळाला. तिनं नव्या भिंतीपाशी त्याच्या चपला ओळखल्या, आणि उचलून घेतल्या.

आज सोमशेखरचा मला फोन आला. पडदा पुन्हा काळा होतोय म्हणे, भर दुपारी. "तुझा धाकटा भाऊ मोकळाच हाय की? हलकं काम हाय. केबल बघून यायची."

मी फोन ठेवला. भाऊ घरात नव्हता...

काम सोमशेखरला मिळालं. सुट्टी बसूला. किंमत भरली हाशमनं.

आणि भावाचा फोन दुपारपासून लागत नाहीये.