टेलरबाईच्या स्वप्नातली ताई

दुपारच्या गोळ्या द्यायला मी मनोरुग्णालयातल्या बायकांच्या वॉर्डात गेले होते. रोजचंच काम. शिवणकाम करणारी एक पेशंट होती, तिला सगळे टेलरबाई म्हणायचे. ती झोपेतून उठून बसली होती.

"सिस्टर, कोपऱ्यातल्या त्या रिकाम्या खाटेवरची मुलगी पुन्हा स्वप्नात आली. हात बांधलेत तिचे. म्हणते, चिमे, सोड ना गं..."

मी ट्रे खाली ठेवला. चिमी मला फक्त घरात म्हणत. डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी टेलरबाईचा डोस वाढवला. मी मात्र रोज दुपारी तिच्या खाटेशी बसू लागले. फिनेलच्या वासात, पंख्याच्या करकरीत ती हळूहळू सांगायची. मुलीच्या दोन वेण्या आहेत, लाल रिबिनी लावलेल्या. हसली की गालाला खळी पडते. डाव्या भुवईत खोक आहे, झोपाळ्यावरून पडल्याची.

माझ्या ताईची खोक. मी लहान असताना ती तापानं गेली, असं मला सांगितलं होतं.

घरी जाऊन आईला विचारलं. तिनं भाजीचं ताट पुढ्यात ओढलं. मग म्हणाली, "तुझ्या आत्याचं लग्न ठरत होतं. घरात वेडी मुलगी आहे म्हटल्यावर कोण पुढे आलं असतं? म्हणून ठेवली तिला, तू काम करतेस त्याच इस्पितळात."

"आणि वारली कधी ती?"

"तू नर्सिंगला होतीस तेव्हा."

माझ्या डोक्यात सणक गेली. मी परक्यांच्या जखमा बांधायला शिकत होते, आणि माझी सख्खी बहीण त्या खाटेला बांधलेली होती! "एकदा तरी गेलीस भेटायला?" मी ओरडले. आई भाजी निवडत राहिली. त्या निवडण्याचा मला इतका संताप आला, की ताट भिरकावून मी बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी टेलरबाईला म्हटलं, "आता ती दिसली की सांगा, हे सगळं आईनं केलं. आई अजून त्याच घरात राहते."

ती झोपली. जागी झाली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

"सांगितलं, सिस्टर... ऐकलं आणि उठली. निघाली."

"हात बांधलेले होते ना?"

"होते..."

घरी फोन लावला. कुणी उचलेना. रिक्षानं पोचले, तेव्हा अजून चांगलं ऊन होतं. दार सताड उघडं. आई खुर्चीत ताठ बसलेली, जिवंत. तिच्या विरळ पांढऱ्या केसांच्या दोन वेण्या घातलेल्या, लाल रिबिनी लावून. इतक्या घट्ट, की कपाळाची कातडी ताणली गेली होती. मी गाठ सोडायला हात लावला.

"नको सोडूस," आई ओठ न हलवता म्हणाली, "ती रागावेल... बस इथे. आता तुझ्या घालायच्यात."

टेबलावर आणखी दोन रिबिनी होत्या. ओल्या, फिनेलचा वास येणाऱ्या.