पंधरा पेले

बुद्धरत्न सर सोहेल मुकादमच्या कचेरीत शिरले तेव्हा मोरू दुसरा चहा पीत होता. पहिला त्याचा स्वतःचा होता, दुसरा सोहेलच्या वाट्याचा. रमजान सुरू झाला तरी टपरीवाला सवयीने दोन कप पाठवत होता आणि त्याची सवय मोडावी असं मोरूला काही वाटलं नव्हतं.

१९९८ चा जानेवारी होता. सोहेल मुकादम हा महाडचा खासगी तपासनीस. कशेडी घाटात उलटलेल्या ट्रकांचे विम्याचे दावे खरे की खोटे हे शोधून काढणं हा त्याचा धंदा. रस्त्यावरच्या टायरच्या खुणा बघून ड्रायव्हर झोपला होता की नाही ते तो सांगायचा, आणि सहसा चुकायचा नाही. मोरू त्याची जीप चालवायचा. मोरूचं डोकं पहिल्या गिअरमध्ये चालतं पण चढावर बंद पडत नाही, असं सोहेल कौतुकाने म्हणायचा.

बुद्धरत्न सर कॉलेजात क्रीडाशिक्षक होते, तात्पुरत्या नेमणुकीवर. खुर्चीत टेकल्याबरोबर ते म्हणाले, "आज संध्याकाळी सहा वाजता संस्थेचे कार्यवाह मला काढून टाकणाऱ्या पत्रावर सही करणार आहेत."

"काय केलंत?" सोहेलने विचारलं.

"काहीच नाही. तेच सिद्ध करता येत नाही."

हकिगत थोडक्यात अशी. परवा महाड आणि पोलादपूर अशा दोन कॉलेजांत कुस्तीचा सामना झाला. आठ वजनगट, आठ कुस्त्या. महाड पाच-तीनने जिंकलं. बक्षीस समारंभाआधी नियमाप्रमाणे तक्रारपेटी उघडली तर आत एक कागद निघाला. त्यावर सहा कुस्त्यांचे निकाल आधीच लिहिलेले होते, आणि सहाच्या सहा खरे ठरले होते.

"म्हणजे कुस्त्या ठरवून झाल्या आणि त्या मी ठरवल्या, असं त्यांचं म्हणणं," सर म्हणाले. "नोकरी गेली तर दुसरी मिळेल, भाई. पण पोरांना मी खोटं लढायला शिकवलं, हे नाव घेऊन मी कुठे जाऊ?"

सोहेल उठलाच.

प्राचार्यांच्या खोलीत कार्यवाह स्वतः बसले होते. त्यांनी कागद पुढे सरकवला. वहीतलं फाडलेलं पान, मोठी, दाबून काढलेली अक्षरं. वर लिहिलं होतं, 'हे हरणार'. खाली: ५४ पो, ५८ पो, ६३ म, ७६ पो, ८५ म, ९७ पो.

"पेटी सकाळी दहाला लाखेने बंद केली, पहिली कुस्ती साडेदहाला," कार्यवाह म्हणाले. "पेटी तपासून झाली आहे, तिथे काही सापडणार नाही तुम्हाला. अक्षरही मुद्दाम बिघडवलेलं दिसतंय."

"एकोणसत्तर किलोचा गट नाही यात," सोहेल म्हणाला. "आणि सगळ्यात जडही नाही."

"त्या दोन जमल्या नसतील ठरवायला."

"पैलवानांची नावंही नाहीत. नुसता गट आणि कॉलेजचं अक्षर."

"सावधगिरी," कार्यवाह म्हणाले. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं.

मोरूने कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे फिकट गुलाबी डाग होता. "गुलाल हाय, भाई. जिंकल्यावर उधळलेला."

सोहेलने नखाने डाग खरवडून पाहिला. काही निघालं नाही. "गुलाल उधळला तेव्हा कागद बंद पेटीत होता, मोरू."

मोरूने बोट काढून घेतलं.

सामन्याच्या दिवशी वजनकाट्यावर तौकीर होता, जिमखान्याचा कारकून. सोहेल आधी त्याच्याकडे गेला. माणूस बोलका आणि गेल्या दोन दिवसांत सगळ्यांनी प्रश्न विचारून वैतागलेला.

"आठ ते नऊ वजनं झाली. वजन झालं की दंडावर शाईने गट आणि कॉलेजचं अक्षर लिहायचं, मग बाहेर एक पेला कोकम सरबत. कॉलेजतर्फे. सोळा पैलवान, सोळा पेले सांगितले होते. पंधराच गेले, उरलेला आमचा शिपाई रामा प्याला."

"मुलं कशी वाटली?"

"सुकलेली. आदले दोन दिवस पाणी तोडून, दोन-दोन स्वेटर घालून गांधारी नदीच्या काठाने पळत होती. खालच्या गटात बसायचं तर वजन उतरवायला नको? सगळेच करतात."

"त्या दिवशी कुणी कुरकुर केली?"

"विचारू नका. पोलादपूरवाले म्हणाले काटा खोटा, कुणी म्हणालं चटई ओली, ती हिरकणीवाडीची सरबतवालीसुद्धा काहीतरी पुटपुटत होती. मी सगळ्यांना एकच सांगितलं, जे असेल ते लिहून पेटीत टाका."

"किती जणांनी टाकलं?"

"कोण टाकतंय? पेटीत तो एकच कागद निघाला."

एकोणसत्तर किलोत जिंकलेला नासिर मैदानावर भेटला. त्याची मान एका बाजूला कलली होती.

"पोलादपूरच्या पोराने अशी धरली होती की अजून वळत नाही," तो म्हणाला. "ठरवून कोण असं धरतं, भाई? आणि सरांवर आळ? सरांनी मला रोजा ठेवू नको म्हणून तासभर समजावलं. मी ऐकलं नाही. वजन झाल्यावर खोलीत जाऊन आडवा झालो, तो कुस्तीलाच उठलो."

सोहेलने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मोरूला जीप पोलादपूरजवळच्या कापडे गावाला घ्यायला सांगितली. तिथे पोलादपूर कॉलेजचा हैबती, सगळ्यात जड गटाचा विजेता, अंगणात पेंढा रचत होता. एका हाताने एक भारा उचलून तो वर फेकायचा. मोरू बघतच राहिला.

"तुला वजन उतरवावं लागलं का रे?" सोहेलने विचारलं.

"मला? माझ्या गटाला एकशे तीसपर्यंत चालतं. मी एकशे तीन. आई म्हणते उतरव, पण ते तांदळासाठी." हैबती हसला. "मी दोन्ही वेळ जेवून गेलो व्हतो. समोरचा बी तसाच व्हता."

 परत महाड आल्यावर सोहेल म्हणाला, "मोरू, मला कॉलेजवर सोड आणि तसाच हिरकणीवाडीला जा. त्या सरबतवालीला सहाच्या आत घेऊन ये. सरबतासकट."

"एवढी तहान लागली, भाई? सूर्य तरी बुडू दे."

सहाला पाच मिनिटं कमी असताना मोरू चंपाबाईंना घेऊन हजर झाला. पन्नाशीची, काटक बाई, हातात कोकम सरबताची किटली. प्राचार्य, सर, तौकीर सगळे जमले होते. कार्यवाहांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं.

"कुस्ती ठरवणारा माणूस जिंकणाऱ्यावर लक्ष ठेवतो," सोहेलने सुरुवात केली. "या कागदावर हरणारे आहेत. लिहिणाऱ्याला कोण जोरात आहे ते माहीत नव्हतं. कोण खचलाय एवढंच दिसत होतं. नावं नाहीत, कारण ती त्याला ठाऊकच नव्हती. दंडावर शाईने जे लिहिलं होतं तेच त्याने उतरवलं. म्हणजे वजनानंतर, पेटी बंद होण्याआधी, पैलवान ज्याच्यासमोरून गेले असा कुणीतरी."

"मग दोन गट का सोडले?" कार्यवाहांनी विचारलं.

"त्या दोन गटांनीच मला उत्तरापर्यंत नेलं. जड गटात कुणी उपाशी राहिलं नव्हतं, दोघं ताजेतवाने. तिथे खचलेला कुणी नव्हताच. एकोणसत्तरमध्ये नासिरचा रोजा होता. तो सरबताकडे फिरकलाच नाही. सोळा पेल्यांतला उरलेला पेला त्याचा. ज्याने त्याला पिताना पाहिलं नाही, त्याला त्याच्याबद्दल सांगता आलं नाही. आणि गुलाबी डाग सुकलेल्या कोकमाचा आहे."

सगळे चंपाबाईंकडे वळले. त्या मुळीच बावरल्या नाहीत.

"मीच लिवलं. चौथीपातुर शिकलेय मी. गडाच्या पायथ्याशी माझं दुकान हाय. दिवसभर लोकं गड उतरून येतात नि पेला मागतात. हातातला जीव गेला की मानूस पेला दोनी हातांनी धरतो, नि पैला घोट घेताना डोळे मिटतो. कोन मधल्या वळनावरून मागं फिरला नि कोन वरपातुर जाऊन आला, ते मी त्यावरून सांगते. ह्या पोरांच्या हातात पेला धरायचं बळ नव्हतं. ती समोरच्याला काय धरनार?"

 पैलवानकीचं सगळं शास्त्र पकडीत असतं हे बुद्धरत्न सरांना वीस वर्षं माहीत होतं. ते या बाईने एका पेल्यावरून ओळखलं होतं. सरांनी नकळत मान झुकवली.

"पण हे लिहून पेटीत कशाला टाकलंस?" प्राचार्यांनी विचारलं.

"ह्या साहेबांना सांगाय गेले, ही सहा पोरं सुकल्येत, हरतील, त्यांना खेळवू नका. ते म्हनाले लिवून पेटीत टाक." तौकीरने खाली पाहिलं.

"तक्रारपेटीतला कागद ही तक्रार असू शकते," सोहेल हळूच म्हणाला, "एवढं कुणाच्या मनात आलं नाही."

कार्यवाहांचं पेन अजून हातात होतं. "बाई सांगते ते खरं कशावरून?"

 चंपाबाईंनी किटलीतून एक पेला भरला आणि सरांपुढे धरला. सरांनी तो घेतला, दोन्ही हातांनी, आणि पहिल्या घोटाला त्यांचे डोळे मिटले.

"ह्या सरांनी दोन दिस काय खाल्लेलं नाय," चंपाबाई म्हणाल्या.

सरांनी पेला घाईने खाली ठेवला, पण उशीर झाला होता. कार्यवाहांनी त्यांचे हात पाहिले होते. मग त्यांनी पत्राची घडी केली आणि फाडून टोपलीत टाकली.

"मंग माज्या तक्रारीचं काय?" चंपाबाईंनी विचारलं.

"ती माझ्याविरुद्ध आहे, मावशी," बुद्धरत्न सर म्हणाले. "महाडच्या पोरांना मीच पळवत होतो. यापुढे नाही." त्यांनी प्राचार्यांकडून नोंदवही मागून घेतली, तक्रार स्वतःच्या हाताने लिहिली आणि खाली लिहिलं, 'मान्य'. मग स्वतःचं नाव. प्राचार्यांनी त्याखाली एक ओळ वाढवली: पेटी यापुढे कुस्त्यांच्या आधी उघडली जाईल, आणि वजनाच्या टेबलाशेजारी चंपाबाईंना खुर्ची असेल.

बाहेर मगरिबची अजान झाली. तौकीरने खिशातून खजूर काढून सोहेलला दिला, आणि चंपाबाईंनी शेवटचा पेला भरला.

सोहेलने तो एका हातात घेतला. मुद्दामच. दिवसभराची धावपळ बोटांत उतरली होती आणि सरबताचा काठ थरथरत होता.

चंपाबाईंनी ते पाहिलं. "धरा दोनी हातांनी," त्या म्हणाल्या. "कोन बगत नाय."