पंपघरातले कावळे

"मैडम, कौआ मशीन गायब है!"

ईशानी देवपुजारीच्या हातातला सकाळचा चहा तसाच राहिला. फोनवर विमानतळाच्या स्टोअरचा माणूस होता आणि तो रडायच्या बेतात होता.

"गायब म्हणजे? ठीक से देखा?"

"सब देख लिया. इधर रनवे पर चील ही चील हैं, और दिल्ली वाला जहाज ऊपर घूम रहा है."

ईशानी नागपूरची. बदली होऊन बनारसला, म्हणजे शहराबाहेर बाबतपूरच्या विमानतळावर सुरक्षा अधिकारी म्हणून आली, त्याला वर्ष झालं होतं. रनवेवर पक्षी उतरू न देणं हे तिचं काम. कौआ मशीन हा त्यासाठीचा भोंगा. संकटात सापडलेल्या कावळ्याचा आक्रोश त्यातून वाजायचा आणि तो ऐकून कावळे काय, घारीसुद्धा ती जागा सोडून पळायच्या.

शेवटी माणसांनी फटाके फोडून आणि बोंबा मारून घारी हाकलल्या. विमान उतरलं. साहेबांनी एकच वाक्य सुनावलं, "संध्याकाळपर्यंत चोराचं नाव द्या, नाहीतर स्टोअरवाल्याला घरी पाठवतो."

स्टोअरचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोघांकडेच असायच्या. एक या रडणाऱ्या माणसाकडे, दुसरी वेणीमाधव पित्रे यांच्याकडे. पित्रेकाकांनी उभी हयात रनवेवर बार काढून पक्षी उडवण्यात घालवली होती आणि निवृत्तीनंतरही ते नव्या पोरांना शिकवायला ठेक्यावर येत असत. राहायचे एरोड्रोम कॉलनीत. ईशानीही तिथेच भाड्याने राहत होती, तेव्हा दुपारी तिने थेट कॉलनी गाठली.

पन्नासच्या दशकात विमानतळाच्या कामगारांसाठी ही कॉलनी बांधली. वायरलेसवाले, आगीच्या बंबावरचे, मौसम विभागातले असे सगळे इथे आले, आणि त्यांत चार-पाच मराठी घरंही आली. घरं बैठी. विमानाच्या वाटेत मजला चढवायला परवानगी नव्हती. डोक्यावरून विमान गेलं की बोलणारा वाक्यात मध्येच थांबायचा, ऐकणाराही थांबायचा आणि आवाज गेला की दोघं तिथूनच पुढे सुरू व्हायचे. इथली मुलं बोलण्याआधी थांबायला शिकतात, असं कॉलनी स्वतःवरच हसून म्हणायची.

आज मात्र कॉलनीत कुणी हसत नव्हतं. नरहर शेवड्यांचा दहावा होता. नरहरकाका वायरलेसमधले, देवमाणूस. गंगेला पूर आला होता, दुर्गाघाटाच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या, म्हणून तिथले ढुंढिराज गुरुजी स्वतः इकडे आले आणि शेवड्यांच्या परसामागच्या तळ्यावर पिंडदान झालं. ईशानीला जायचं होतं, पण मशीनच्या गोंधळात ते राहून गेलं.

तळ्याच्या काठी जुनं पंपघर आहे. त्याची कडी निघालेली तिला दिसली. आत विटांवर कौआ मशीन ठेवलं होतं, भोंग्याचं तोंड खिडकीकडे. पाऊस लागू नये म्हणून वर मऊ जुन्या लुगड्याचा तुकडा नीट पांघरला होता. गाडीच्या किल्लीएवढा त्याचा रिमोट तेवढा नव्हता.

चोर चोरी करतो आणि वस्तू पांघरूण घालून ठेवतो? ईशानी उंबऱ्यावरच उभी राहिली.

गुरुजी परतीच्या रिक्षाची वाट पाहत शेवड्यांच्या ओसरीवर बसले होते.

"गुरुजी, दहावा नीट पार पडला?"

"पडला म्हणायचं, बेटा. पण फार परीक्षा पाहिली. कावळा शिवेचना. ऊन डोक्यावर आलं. अनिमेष बिचारा ओल्या पंच्यात हात जोडून उभा. वर्षश्राद्ध करीन म्हणाला, गयेला जाईन म्हणाला, घर विकणार नाही म्हणाला. काही उपयोग नाही."

"कावळे नव्हतेच का?"

"होते की! पंपघराकडून सारखे ओरडत होते. अगदी जीव खाऊन. पण दिसत एक नव्हता."

ईशानीने पंपघराकडे पाहिलं.

"मग?"

"मी म्हटलं, आता दर्भाचा कावळा करतो. त्यानंतर बऱ्याच वेळाने अनिमेषला रडू फुटलं. म्हणाला, 'बाबा, नंदाला संस्थेत टाकणार नाही. आई आहे तोवर दोघी इथेच राहतील, मग मी तिला माझ्याजवळ नेईन.' हे बोलला मात्र, कावळा आला आणि पिंड घेऊन गेला. पन्नास वर्षांत असं पाहिलं नाही. बापाचा जीव लेकीत अडकला होता, दुसरं काय!"

नंदा ही अनिमेषची थोरली बहीण. वय पंचेचाळीस, समज चार वर्षांच्या पोराची. नरहरकाका तिला रोज हाताला धरून विमानं दाखवायला न्यायचे. ते गेले आणि पुण्याहून आलेल्या अनिमेषने तिच्यासाठी संस्था पक्की केली. तेराव्यानंतर गाडी येणार होती, हे कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं. नवी जागा, अनोळखी माणसं. नंदा तिथे आठ दिवस तरी जेवेल का, असं बायका आपसांत कुजबुजत होत्या. आता तिची गाडी टळली होती. ती टळली होती एका चोरलेल्या भोंग्यामुळे.

पित्रेकाका घरीच होते. तिने विचारण्याआधीच त्यांनी सांगून टाकलं.

"मशीन मी नेलं, बेटी. स्टोअरवाल्याचा दोष नाही."

"का नेलंत?"

"नंदासाठी. अनिमेषने शब्द देईपर्यंत कावळे येऊ द्यायचे नव्हते."

"तुम्ही कुठे होता?"

"लोकांच्या मागे, तळ्याजवळ. रिमोट खिशात."

"आणि बंद कधी केलं?"

तेवढ्यात विमान आलं. तावदानं थरथरली. ईशानी सवयीने थांबली. काका थांबले नाहीत. त्यांचे ओठ त्या गडगडाटात हलतच राहिले आणि विमान लांब गेल्यावर शेवटचे शब्द ऐकू आले, "...शब्द दिला, त्याच वेळी."

ईशानी त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिने मान खिडकीकडे वळवली आणि तोंड न दाखवता विचारलं, "काका, रिमोट आता कुठे आहे?"

उत्तर आलं नाही.

ती परत त्यांच्याकडे वळली. "किती दिवसांपासून ऐकू येत नाही?"

काकांचा चेहरा उतरला. "बार काढून काढून कान गेले. ओठ वाचतो. कामावर मालूम पडलं तर काढून टाकतील. कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगत. पण लोकांच्या मागे उभं राहून अनिमेषचा शब्द तुम्हाला ऐकू आला नसता. मशीन तुम्ही नेलंत, वाजवलं दुसऱ्याने. कोणी?"

"मीच," म्हातारा हट्टाने म्हणाला, आणि त्याने डोळे मिटून घेतले. आता त्यांना काही विचारायची सोयच राहिली नाही.

अनिमेष परसात दोरीवर पंचा वाळत घालत होता. बायकोला रजा मिळाली नाही, तिच्यासाठी त्याने सगळा विधी मोबाइलवर घेतला होता. मोबाइल तळ्याकाठी स्टुलावर उभा होता. ईशानीने तो मागून घेतला आणि कानाशी धरला.

मशीनचा आवाज तिने झोपेतही ओळखला असता. कावळा ओरडत होता, ओरडत होता. अनिमेष गयेबद्दल बोलला, घराबद्दल बोलला. मग गुरुजींचा आवाज आला. "नरहरराव भुकेले आहेत हो. किती वेळ ताटकळत ठेवायचं? दर्भाचा कावळा करू या."

आणि आवाज बंद झाला.

ईशानीने पुन्हा ऐकलं. चूक नव्हती. अनिमेषने अजून नंदाचं नावही काढलं नव्हतं. तो रडला आणि बोलला ते पुष्कळ नंतर. ज्याने एवढा घाट घातला, त्याने हवं ते मिळायच्या आधीच माघार घेतली होती. का?

तळ्याकडे तोंड करून शेवड्यांची मागची पायरी होती. ईशानी सावकाश तिकडे निघाली.

अनिमेषच्या आई, पद्माकाकू, पायरीवर बसल्या होत्या. शेजारी वाढलेलं पान तसंच होतं. पित्रेकाका लगबगीने मागून आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

"काकू, पान का नाही घेतलं?"

"भूक नाही गं."

"काकू, मी सांगते, चुकलं तर थांबवा. काल तुम्ही पित्रेकाकांकडे मशीन मागितलंत."

पद्माकाकूंनी पदर सारखा केला. "यांनीच बनवलेलं होतं ते. आवाजही यांनीच भरला. म्हटलं, एक दिवस घरात राहू दे. वेणीमाधवांनी आणून दिलं. त्यांना आणखी काही मालूम नव्हतं, कावळा येईना तेव्हा ओळखलं असेल."

"ते तुम्ही पंपघरात ठेवलंत. पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून पांघरलंत. चोर एवढी काळजी घेत नाही. पंपघरापासून रिमोट जेमतेम तळ्यापर्यंत आणि या पायरीपर्यंत चालतो. तळ्याकाठी गुरुजींचे हात पिंडात होते, अनिमेष ओल्या पंच्यात हात जोडून होता. पित्रेकाकांना ऐकू येत नाही. पण मला यातल्या कशानेही नाव कळलं नाही. कळलं ते आवाज कधी थांबला त्यावरून. अनिमेषने शब्द देण्याआधीच तो थांबला. गुरुजी म्हणाले, नरहरराव भुकेले आहेत, आणि कुणाची तरी हिंमत संपली. इतर कुणी असता तर शब्द मिळेपर्यंत दम धरला असता. ते भुकेले आहेत हे ऐकून कुणाला राहवणार नाही, काकू?"

पद्माकाकूंनी कमरेची पिशवी सोडली आणि रिमोट ईशानीच्या हातावर ठेवला.

"पन्नास वर्षं त्यांच्या आधी जेवले नाही," त्या म्हणाल्या. "आणि आज त्यांच्या तोंडचा घास मी अडवला. केवढं पाप! नाही सहन झालं. म्हटलं, जाऊ दे, नंदाचं नशीब. बंद केलं."

"आई."

अनिमेष दारात उभा होता. किती वेळ, कुणास ठाऊक. ओठ पांढरे पडले होते.

"म्हणजे बाबा थांबलेच नव्हते. मशीन होतं. आणि मी सगळ्यांसमोर रडलो!" त्याचा आवाज चढला. "मला नुसतं सांगायचं होतंस!"

"सांगितलं होतं रे. तू म्हणालास, बघू."

आत नंदा स्वतःशीच विमानाचा आवाज काढत होती. पद्माकाकूंचे दोन्ही हात मांडीवर घट्ट आवळलेले होते. आपल्या मुलाकडे कुणी इतक्या भीतीने पाहू नये, असं ईशानीला वाटलं.

मग अनिमेष तिच्याकडे वळला. "तुम्ही या कामातल्या आहात. खरं सांगा. मशीन आधीच बंद झालं होतं, तर कावळा लगेच का आला नाही? मी शब्द दिल्यावरच का आला?"

उत्तर ईशानीला पाठ होतं. तो आक्रोश थांबला तरी भेदरलेले पक्षी बराच वेळ त्या जागेकडे फिरकत नाहीत. प्रशिक्षणात तिने हे शंभरदा सांगितलं होतं. आज कावळा शब्दासाठी थांबला नव्हता. त्याची भीती सरली तेव्हा तो आला, आणि नेमका त्याच वेळी अनिमेष बोलला होता, एवढंच.

"नाही सांगता येत," ईशानी म्हणाली. "मशीन बंद झालं की कावळे लगेच येतात. आज का आले नाहीत, मला माहीत नाही."

"काका?" अनिमेषने पित्र्यांकडे तोंड केलं.

पित्रेकाकांनी त्याचे ओठ पाहिले, मग ईशानीचा चेहरा पाहिला. त्यांची सगळी नोकरी कावळ्यांच्या मागे गेली होती.

"लगेच येतात," ते म्हणाले. "माझ्यासमोर नेहमी लगेच आलेत."

अनिमेष खाली बसला आणि त्याने तोंड हातांत लपवलं. लहान पोरासारखा, मोठ्याने रडला तो. मग उठून आत गेला. त्याने फोन लावून संस्थेला नाही कळवलं, ते बाहेर स्पष्ट ऐकू आलं. नंतर तो नंदाला काहीतरी सांगू लागला आणि ती टाळ्या पिटू लागली.

पित्रेकाका डोळे पुसत निघून गेले. मशीन तपासणीसाठी बाहेर नेलं होतं, नोंद करायची राहिली, असं साहेबांना कळवायचं ईशानीने मनाशी ठरवलं. तिची मान खाली होती.

"तू झूठ बोललीस, ईशानी," पद्माकाकू हळूच म्हणाल्या.

ईशानीने चमकून वर पाहिलं.

"मशीन बनवलं तेव्हा यांनी इथेच परसात वाजवून पाहिलं होतं. सकाळी वाजवलं, तर दुपार टळेपर्यंत एक कावळा उतरला नव्हता. मी ताक घुसळत बघत होते."

"काकू, मी..."

"नाही गं, चांगलं केलंस. नंदाचं भलं झालं. अनिमेषला वाटू दे, बाबा थांबले होते म्हणून." त्यांनी तळ्याकडे पाहिलं. "पण मला मालूम आहे ना. ते थांबले नव्हते, ते भुकेले होते. मी बंद केल्यावरही भुकेलेच राहिले, माझ्यामुळे. एवढी मोठी गोष्ट मी आजवर त्यांच्यापासून कधी लपवली नाही. आता कुणापाशी कबूल करू?"

ईशानीने पान त्यांच्यापुढे सरकवलं. पद्माकाकूंनी भाताचा घास उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि परत पानात ठेवला.