उन्हाळवाटेच्या तीन हकिकती

ओढ्याच्या वाळूत एका मुलीची मोपेड रुतली होती, आणि ती रेस करून करून तिला आणखीच खाली घालत होती. काठावरच्या मळ्यात उसाच्या रोपांना पाणी देता देता संगमेशला ते बघवेना.

"पावणं, गाडी काढायची हाय का हितंच पेरायची?"

"आधी ढकला. मग बोला."

गाडी निघाली. शांभवी तिचं नाव. कोल्हापुरात एम. ए. करायची, जुन्या वाटांची नावं आणि त्यांचे उगम गोळा करत हिंडायची.

"या वाटेला काय म्हणतात?"

"उन्हाळवाट."

"का बरं?"

साधं उत्तर त्याच्या जिभेवर होतं. पण ती कपाळाला चिकटलेली बट, ते रोखून पाहणारे डोळे... गड्याची मतीच गुंग झाली.

"मोठी हकिकत हाय त्याची. रविवारी या की."

ती आली. त्यानं उन्हाळे नावाच्या धनगराची हकिकत सांगितली. पुढच्या रविवारी उन्हानं अडलेल्या वरातीची, त्यापुढच्या रविवारी एका रुसलेल्या सुनेची. मोबाइलवर रेकॉर्ड करत, हनुवटीला हात लावून ती विचारायची, "मग?" आणि हा पुढचं रचायचा. रविवार कधी येतो असं त्याला होऊन जायचं.

एका रविवारी ती घाईत आली. "उद्या वर्गात सरांपुढं मांडायचंय. यातली खरी हकिकत कुठली?"

संगमेश पायानं माती उकरू लागला. तेवढ्यात मळ्यातल्या घरातून त्याची अव्वा, म्हणजे आई शांतादेवी, चहा घेऊन आली.

"कसली हकिकत, बाळ? उन्हाळ्यात ओढा आटला की चालायची वाट, म्हणून उन्हाळवाट. पावसाळ्यात बंद."

आई आत गेली. शांभवीनं कप खाली ठेवला.

"सगळ्या वर्गापुढं हसं झालं असतं माझं."

"चुकलंच माझं," तो खाली बघत म्हणाला. "पण पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं, तर... तुमी परत आला नसता. मला तुमी आवडता. ह्यात रचलेलं काय न्हाय."

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"पाऊस लागला, वाट बुडाली की?"

"लांबच्या रस्त्यानं येईन. तुमच्या दारापतोर."

"या," ती लाजून म्हणाली. "पण अव्वांना घेऊन या. तुमच्या एकट्याच्या बोलण्यावर आमचे अप्पा विश्वास ठेवायचे नाहीत."