म्हातारीला खाली उतरव

पहार दाराशी ठेवा, कंदील जरा इकडे सरकवा आणि बसा. गाडीचं दार फोडायचंच आहे, पण आधी ऐकून घ्या. मी भुताची गोष्ट सांगायला बसलेले नाही, भावाची तक्रार सांगायला बसले आहे.

काम साधं होतं. आईला पिरेअसच्या बंदरातून सिकिनोस बेटावर पोचवायचं. आई म्हणजे तिची हाडं. शहरात कबरीची जागा कायमची कुणाला मिळते? काही वर्षं झाली की उकरतात, हाडं वाइनने धुऊन पत्र्याच्या पेटीत भरतात आणि म्हणतात, घेऊन जा.

माझा धाकटा भाऊ सारांडिस सिकिनोसलाच राहतो. त्याचा फोन आला.

“लेमोनिया, बाबांच्या हाडांच्या पेटीशेजारचा कोनाडा मोकळा आहे. पाद्रीबाबांशी बोललोय मी.”

“आई काय सांगून गेली, विसरलास?”

“आजारी माणूस काहीही बोलतं गं. गावात लोक विचारतात, बायको नवऱ्याजवळ का नाही म्हणून.”

“तो तिला बदडायचा तेव्हा कुठे गेले होते हे विचारणारे?”

“उगाच जुनं उकरू नकोस. तुला जमत नसेल तर पेटी बोटीने पार्सल कर. मी उतरवून घेईन.”

पार्सल! माझ्या आईला! टोमॅटोच्या खोक्यांबरोबर!

आमचा बाप, याकुमिस, सुरुंग लावून मासे मारायचा. त्यात त्याचा डावा हात मनगटापासून उडाला. उरलेल्या हाताने तो आईला मारायचा आणि दार बंद दिसलं की त्या थोट्या मनगटाने धडका द्यायचा. बोटांची टकटक वेगळी आणि ते वेगळं. धप्प. धप्प. तो आवाज आला की आम्ही भावंडं खाटेखाली शिरायचो. शेवटी आई आम्हाला घेऊन बोटीने पळाली आणि पुन्हा तिने त्या बेटावर पाऊल ठेवलं नाही. मरताना एकच म्हणाली, “समुद्रात टाका, उकिरड्यावर टाका, पण त्याच्या शेजारी नको.” सारांडिसही तिथेच उभा होता. पुढे त्याला बापाचं घर मिळालं आणि बाप देवमाणूस झाला.

मी ठरवलं, आपणच जायचं. पेटी देण्याआधी धक्क्यावर, चारचौघांत, पाद्र्याच्या समोर त्याला सगळं सुनवायचं. त्यानंतर काय, ते मलाही माहीत नव्हतं. डोकं नुसतं तापलेलं होतं.

गाडी म्हणजे आमची जुनी कॅम्परव्हॅन. दर उन्हाळ्यात मी आणि आई तीच घेऊन बेटं फिरायचो, सिकिनोस सोडून. आई पुढच्या सीटवर, मांडीवर पर्स. बोटीत गाडी चढवताना आत फक्त ड्रायव्हर हवा, बाकीच्यांनी उतरून पायी चढायचं, हा सगळ्या बोटींचा नियम. आई कधी म्हणून उतरली नाही. खलाशी घसा फोडून ओरडायचे आणि ती काच खाली करून म्हणायची, “मी एकदा बोटीत चालत चढले, तेवढं पुरे झालं.”

या वेळी मी पेटी मागे पलंगाखाली उशा लावून ठेवली. पुढची सीट रिकामी होती.

पिरेअसला गाडी मागे मागे घेत बोटीत घालताना पट्टा न लावल्याचं बीप सुरू झालं. बीप, बीप, बीप. सीटवर माणूस बसलं तरच ते वाजतं. मी सीटवर दोन गुद्दे घातले. मागे खलाशी बोंबलत होता, “डावीकडे! सगळं डावीकडे! आणि म्हातारीला खाली उतरव आधी!”

मला वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणतोय. त्या नादात उजवा आरसा खांबाला घासून फुटला. मी त्याला शिव्या दिल्या, त्याने मला.

पारोस बेटावर बोट बदलायची होती. तिथे गाडीतली पाण्याची टाकी गळायला लागली आणि एका ट्रकवाल्याने मागे येता येता माझा सरकता दरवाजा चेपला. दरवाजा बंद तो बंदच. ट्रकवाला म्हणतो, “बाई, वाऱ्याने ढकललं.” वाऱ्याने! ट्रक!

दुसरी बोट लहान होती. गाड्यांच्या मजल्यावर डिझेलचा, ओल्या दोरखंडांचा आणि सडक्या मासळीचा वास कोंडला होता. नोंडास नावाचा आडदांड खलाशी होता. त्याने सरकत्या दरवाज्याला दोन लाथा घालून पाहिल्या, हूं नाही की चूं नाही. मग पुढच्या काचेत बघून खेकसला, “आणि ही का बसून आहे? बोट काय हिच्या बापाची आहे?”

“कोण ही?”

“मस्करी करू नकोस. काळ्या रुमालातली. उतरव तिला.”

मी पाहिलं. सीटवर कुणी नव्हतं. बीप मात्र चालू होतं, आणि मी तर इंजिन बंद करून किल्ली हातात घेतली होती...

तुम्हाला वाटेल मी घाबरले. नाही. मला रडू आलं. आई, तुला मी कुठे घेऊन चाललेय, आणि तरी तू आपल्या जागेवर येऊन बसलीस?

सिकिनोस जवळ आलं तशी आम्हा ड्रायव्हरांना खाली बोलावलं. मी गाडीत बसले. साखळ्या करकरल्या, रॅम्प खाली झुकला आणि अंधारात उन्हाचा पट्टा शिरला. धक्क्यावर सारांडिस नव्या कोटात उभा होता. शेजारी पाद्री, हातात मयताच्या नावाने शिजवलेल्या गव्हाचं ताट घेतलेल्या दोन बायका. बीप आता इतकं जलद झालं होतं की मधे श्वास घ्यायला जागा नव्हती.

मी खाली उतरले, दार लावून घेतलं आणि किल्ली मुठीत आवळली.

“गाडी काढ!” नोंडास ओरडला.

“नाही काढत. मी पुढे जाणार.”

“ए लेमोनिया!” धक्क्यावरून सारांडिस. “वेड लागलं का तुला? लोक बघताहेत!”

“बघू देत! सांग त्यांना, तिला तुझा बाप नकोय! मेल्यावरही नकोय!”

पाद्र्याने खाली मान घातली. नोंडासने मला दोन शिव्या हासडल्या, पण वारा वाढत होता आणि वरून कप्तान भोंगा वाजवत होता. रॅम्प उचलला गेला. भाऊ लहान लहान होत गेला, तोंड चालूच. बीप थांबलं होतं. मी गाडीला टेकून उभी राहिले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

नोंडास हात पुसत आला.

“चेष्टा लावलीयस का? एक म्हातारी होती ते कमी, म्हणून आता म्हाताराही घेतलास?”

“कोण... म्हातारा?”

“रॅम्प उचलताना उडी मारून चढला तो. ओलाचिंब. मी हात द्यायला गेलो तर त्याला धरायला हातच नाही, वर मलाच आईवरून शिवी. सरळ तुझ्या गाडीत शिरला.”

“तो दरवाजा... चेपलाय.”

“मीही तेच म्हणतोय. माझ्या लाथेने हलला नाही, आणि त्याने एका हाताने सरकवला.”

दरवाजा बंद होता. खाली पत्र्यावर पाणी होतं. टाकीचंच असणार, असं मी स्वतःला सांगितलं. पण त्याला सुरुंगाच्या जळक्या दारूचा वास होता.

मग आतून आलं. धप्प. ...धप्प.

बीप पुन्हा सुरू झालं. पुढच्या दाराची दांडी आतून थरथरायला लागली, वर खाली, वर खाली.

“बघ,” नोंडास म्हणाला, “एवढं ओरडल्यावर आली अक्कल म्हातारीला. उतरतेय. उघड ना तिला, अडकलंय वाटतं.”

मी किल्ली फिरवली. काचेमागची खिटी वर आली आणि कुणीतरी ती खाली दाबली. मी पुन्हा फिरवली. पुन्हा खाली. ड्रायव्हरच्या दाराचंही तेच. मी काचेवर बुक्क्या मारल्या, बापाला नावाने हाका मारल्या, तोंडाला येईल ते बोलले. बोट बेटामागून बेटं मागे टाकत होती आणि दारं काही उघडली नाहीत. शेवटी बोट फेरा पुरा करून पिरेअसला लागली तेव्हा क्रेनच्या गाडीने व्हॅन ओढून बाहेर काढली आणि इथे अंगणात आणून टाकली.

जवळपासचे दोन मेकॅनिक येऊन गेले. बॅटरी काढून नेली तरी बीप चालूच होतं. दोघांनी पैसे घेतले नाहीत आणि पुन्हा फोनही उचलला नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं. मी माझ्या आईला त्या माणसाबरोबर कोंडून ठेवणार नाही, समजलं? ज्याच्यापासून ती जन्मभर पळाली त्याच्याबरोबर एका पत्र्याच्या खोक्यात? नाही!

चला, उचला पहार. कंदील मी धरते. दार उघडलं की मधे उभे राहू नका, आधी तिला उतरू द्या.

थांबा... ऐका बरं जरा.

तुम्ही फाटकातून आत आलात तेव्हा बीप वाजत होतं ना? मग आता तिला सीटवरून कुणी उठवलं?